पायाळू सर

सर गेले त्या दिवशी आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपर्यंत मेसेजांचा ढीग पडला. कुणी लिहिलं, सर आपल्या व्यवसायाचा कणा होते. कुणी मणक्यांचं चित्र टाकून त्याखाली जोडलेले हात टाकले. ज्या मुलीला सरांनी तोंडी परीक्षेत दोनदा नापास केलं होतं, तिने लिहिलं की असे शिक्षक आता होणे नाही. मी काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एका वर्गमैत्रिणीचा फोन आला.

"अगं, तू तर सगळ्यात जवळची त्यांना. दोन ओळी तरी टाक."

दोन ओळींत मावणार नाही, म्हटलं. तिला वाटलं, मला रडू येतंय. मला राग येत होता. अजून येतो, म्हणून हे लिहायला घेतलंय.

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला सर आम्हाला शरीरशास्त्र शिकवायचे. हृदय, फुप्फुसं, आतडी वगैरे ते दारात आलेल्या माणसाला पाणी द्यावं तसं उरकायचे. मेंदू, मज्जारज्जू आणि पाठीचा कणा आला की मग त्यांना घड्याळ दिसत नसे. बुटका, सावळा, टक्कल पडत चाललेला माणूस. बुशशर्ट कायम पँटच्या बाहेर. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. माणूस उभा राहण्यासाठी झालाय नाहीतर आडवा होण्यासाठी, मधलं सगळं कारकुनांनी काढलंय, असं त्यांचं मत होतं. स्टाफरूममध्ये ते टेबलाखाली चटई टाकून पडलेले असत. तोंडी परीक्षाही तिथेच घेत. आम्ही शेजारी उकिडव्या बसून उत्तरं द्यायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. 'बहुतेक' हा शब्द कानावर पडला की डोळे उघडत.

"बहुतेक? मज्जारज्जू बहुतेक इथं संपतो? जा, नक्की कुठं संपतो ते विचारून ये."

"कुणाला विचारू सर?"

"सुईला विचार. पाठीत सुई घालणारा डॉक्टर बहुतेक म्हणत नाही."

रस्त्यात त्यांच्याबरोबर चालायची सोय नव्हती. लोक चेहरे बघतात, सर माना बघायचे. एकदा सीवूड्सच्या बँकेत रांगेत उभे असताना त्यांनी पुढच्या गृहस्थांच्या मानेवर, जिथे हाड वर आलेलं असतं, तिथे अंगठा ठेवला. गृहस्थ दचकून वळले. सर म्हणाले, "माफ करा, तुमचा सातवा फार सुंदर आहे."

"काय सातवा?"

"मणका. मानेतला शेवटचा. मुलींना दाखवायला असा मिळत नाही हो."

त्यांच्यामागे मी उभी होते. मी सरळ बँकेबाहेर निघून आले.

त्यांच्याकडे स्वतः बनवलेला एक कणा होता. कॉलेजात प्लास्टिकचा महागडा होता, पण त्याला ते हात लावत नसत. शिंप्याकडची जुनी लाकडी रिळं घासून त्यांनी तेहतीस मणके केले होते आणि त्यातून तुर्भ्याच्या घाऊक मार्केटमधल्या गोण्यांची सुतळी ओवली होती. कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत सुतळीचा पीळ घट्ट. तिथून खाली त्यांनी पीळ उकलून ठेवला होता, सुट्या धाग्यांचा नुसता झुबका.

"याला घोड्याचं शेपूट म्हणतात," ते धागे बोटांत धरून सांगायचे. "मज्जारज्जू वर संपला. खाली हे एवढेच धागे. यांच्यावर तुमचे पाय चालतात, लघवी-संडास चालतं, ज्याच्यावर बसता ती जागा जिवंत राहते. मधली गादी सरकून या झुबक्यावर बसली, तर तुमच्या हातात तास असतात. दिवस नसतात. हे विसरलात तर बाकी सगळं पाठ असून काही उपयोग नाही."

आणि मग तो लेंगा. बाजारातून आणलेला पांढरा लेंगा, त्यावर त्यांनी स्केचपेनांनी शरीराचा नकाशा काढला होता, कुठल्या मणक्यातून निघालेली नस कुठल्या कातडीला जाते त्याचा. मांडीवर हिरवे पट्टे, पोटरीवर तांबडे, तळव्याच्या बाजूला निळे. आणि मागे, बुडावर, एकात एक तीन वर्तुळं. नेमबाजीच्या फळीसारखी. तो लेंगा पँटवर चढवून ते वर्गात आले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. वर्ग फुटला. पाच मिनिटं आम्ही हसत होतो, ते तसेच उभे.

"हसून घ्या. झालं हसून? आता सांगा, ही जागा बधिर झाली तर पेशंटला काय विचाराल?"

कुणीतरी इंग्रजीत उत्तर दिलं.

"तुमच्या इंग्रजीला कोण विचारतंय? समोर गोणी उचलणारा माणूस आहे. त्याला काय विचाराल?"

तीन प्रश्न होते. लघवी होते का, संडास लागल्याचं कळतं का, बुडाखाली बधिर लागतं का. प्रत्येकीने उभं राहून मोठ्याने विचारायचे. माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज फुटेना. आमच्या घरी हे शब्द बायका एकमेकींशीसुद्धा बोलत नसत. सरांनी मला वर्गातून उचललं, कॉलेजच्या फाटकाशी नेलं आणि वॉचमनसमोर उभं केलं. "विचार यांना." मी जमिनीकडे बघत तिन्ही प्रश्न विचारले. वॉचमन उठून उभा राहिला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "म्याडम, सगळं येवस्थित हाय."

परत येताना सर म्हणाले, "ज्या प्रश्नाची लाज वाटते तो पहिला विचारायचा. रुग्ण लाजला तर चालतं. तू लाजलीस तर तो आयुष्यभर ओला होऊन बसेल."

आज माझं स्वतःचं क्लिनिक आहे, तुर्भ्याला, मार्केटपासून चालत दहा मिनिटांवर. वीस वर्षं झाली, मी हा प्रश्न पहिला विचारते. एकदा सोडून.

सर सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीचे. वडील मार्केटमध्ये माथाडी होते. कोपरखैरण्यात दोन खोल्यांचं घर, सर शेवटपर्यंत तिथेच राहिले, लग्न केलं नाही. पास झाल्यावर ते मला म्हणाले, "चार रविवार माझ्या घरी ये. सकाळी सहाला." मी गेले तर दारात बारा-पंधरा माथाडी बसलेले. कुणी कमरेला गमछा आवळलेला, कुणी भिंतीला रेलून. आत सर अनवाणी उभे, आणि त्यांच्या पुढे चटईवर एक आडदांड माणूस पालथा. सरांनी त्याच्या कमरेवर डावा पाय ठेवला होता.

मी दारातच थिजले. ज्या माणसाने मला 'बहुतेक' या शब्दासाठी तीनदा बाहेर काढलं होतं, तो पायाळू म्हणून लोकांच्या पाठीला पाय लावत होता!

सर जन्माला येताना पायाकडून आले होते. तेवढं पुरेसं होतं. वाडीत ते चार वर्षांचे असल्यापासून उसण भरलेली माणसं त्यांच्यापुढे पालथी पडत. पाय लावून घ्यायचा तर अनशापोटी यायचं, पाय उचलेपर्यंत दोघांनीही बोलायचं नाही, आणि नंतर आभार मानायचे नाहीत, ही त्यांच्या वाडीतली रीत. रुग्ण वयाने मोठा असेल तर पाय लावल्याबद्दल सरांनी त्याच्या पाया पडायचं, हीसुद्धा.

"सर, हे काय?" पहिला माणूस बाहेर गेल्यावर मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"बघ नीट. मग बोल."

मी बघितलं. टाच कमरेच्या एकेका मणक्यावरून खाली येत होती. मग अंगठा एका पोटरीवरून, मग दुसरीवरून, तळव्याच्या कडेने, त्याच हिरव्या-तांबड्या-निळ्या पट्ट्यांवरून. माणूस कुठे आखडतो, कुठे त्याला काहीच लागत नाही, हे सर पायाने वाचत होते. पाय उचलला की त्या माणसाला मागच्या मोरीशी नेऊन हळू आवाजात तीन प्रश्न. दहातल्या आठांना माझ्याकडे व्यायामासाठी पाठवत. एखाद्याला मात्र "आजच्या आज हॉस्पिटल" म्हणून रिक्षात घालत.

"डॉक्टरकडे हे येत नाहीत," सर म्हणाले. "खाडा पडतो, टोळीत जागा जाते. पायाळूकडे येतात. मग पायाळूनं शिकायला नको?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी भारावून गेले. चार रविवारांसाठी गेलेली मी पुढे कित्येक वर्षं जात राहिले. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मी बाहेरची नव्हते.

तात्या हे सरांच्या वडिलांच्या टोळीचे मुकादम. सर दहा वर्षांचे असताना वडील गोण्यांची थप्पी अंगावर कोसळून गेले. तेव्हापासून तात्यांनीच त्यांना वाढवलं, शाळेत सोडलं, कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून अंगठा दिला. सर कुणाला भीत नसत, प्राचार्यांशी टेबलाखालून बोलत, पण तात्या आले की शर्टाचं वरचं बटण लावायचे. तात्या त्यांना 'बाळा' म्हणायचे.

त्या रविवारी तात्या दोघांच्या खांद्यावर हात टाकून आले. टोळीतली पाच-सहा माणसं बरोबर, मागे सून. पायऱ्या चढताना ते पाय फाकवून, टाकू की नको असं करत टाकत होते.

"उसण भरलीय बाळा," ते म्हणाले. "परवाच्याला गोणी सावरताना कडाका आला. आता दोन्ही पायात कळ जातीय."

दोन्ही. मी सरांकडे पाहिलं. वर्गात ते बोट वर करून सांगायचे, एका पायात कळ असेल तर चहा पिऊन या, दोन्ही पायांत असेल तर चहा सांडून या.

तात्या पालथे झाले. टाच खाली आली, अंगठा उजव्या पोटरीवरून गेला. मग डाव्या. डाव्या पोटरीवरून सरांनी तो पुन्हा एकदा फिरवला. सर कधीच दोनदा फिरवत नसत. त्यांना कळलं होतं. हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन.

पाय उचलला. सर वाकून तात्यांच्या पाया पडले. आता ते त्यांना मोरीकडे नेतील म्हणून मी बाजूला झाले. ते नेईनात. तात्यांचा सदरा खाली ओढून त्यांना उठवायला लागले. तात्या बसले, आणि त्यांचा हात बेंबीखाली पोटावर गेला. दाबून धरल्यासारखा. सुनेने चहा पुढे केला तर त्यांनी मान हलवली.

मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला लघवीला..."

"गप!" सर माझ्यावर ओरडले. एवढ्या वर्षांत माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. "वडीलधारं माणूस आहे. चारचौघांत काय विचारतेस?"

टोळीतला एकजण खाली बघून हसला. सुनेने पदर सारखा केला. आणि मी गप्प बसले. मी, जिने फाटकावरच्या वॉचमनला विचारलं होतं.

बुधवारी सुनेचा फोन आला. सासऱ्यांचं पोट फुगलंय, लघवी उतरत नाही, डावा पाय लटकतोय. हॉस्पिटलात नेलं, नळी घालून लघवी काढली, त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सर्जनने त्याच्याकडून काही कमी केलं नाही. रविवारचं काम बुधवारी करून जेवढं वाचतं तेवढं वाचलं. तात्या काठी घेऊन चालू लागले, पण डावं पाऊल उचललं गेलं नाही ते नाहीच. लघवी परत आली नाही. दिवसातून चार वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून काढायची, मरेपर्यंत. पन्नास माणसांची टोळी हाताळणारा माणूस लग्नाला जाईना, गावी जाईना, दोन तासांच्या वर घराबाहेर राहीना.

आणि मार्केटमध्ये झालं काय, तर बोलबाला झाला की ऑपरेशनने तात्या बसले. आला तेव्हा माणूस चालत आला होता, पायाळूचा पायसुद्धा लागला होता, डॉक्टरांनी कापलं आणि पांगळा केला. तोलणारापासून चहावाल्यापर्यंत सगळे हेच सांगत. पाठीवर सुरी लावायची नाही, तात्यांचं काय झालं बघितलंत ना? हे खोटं आहे हे सांगू शकणारी दोन माणसं होती. त्यातल्या एकाचंच ऐकलं गेलं असतं.

मी स्टाफरूममध्ये गेले. सर टेबलाखाली.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "उशीर माझ्याकडून झाला, पाय ऑपरेशनने गेला नाही. एवढंच सांगा."

"सांगून तात्यांचं पाऊल उठणार आहे का?"

"दुसऱ्या कुणाचं पडणार नाही."

"ओरड तू. मी ऐकतोय." असं म्हणून ते कुशीवर वळले, भिंतीकडे. मी त्यांच्या पाठीशी दहा मिनिटं भांडले. बाहेर आले तेव्हा शिपायाने विचारलं, "मॅडम, आत कोण होतं?"

मी रविवारी जायची बंद झाले. कानावर येत राहिलं की सर आता पहिल्याच तासाला लेंगा घालून येतात, तीन प्रश्न महिनाभर रोज म्हणून घेतात, पोरींना रडवतात. नव्या मुली माझ्याकडे शिकायला येत तेव्हा कौतुकाने सांगत. वर्गात दरवर्षी साठ मुलींना ओरडून सांगायचं, आणि ज्या एका गल्लीत सांगायला हवं तिथे तोंड शिवून बसायचं! मला त्या लेंग्याची चीड यायला लागली.

चार वर्षांनी संपत नावाचा पेशंट आला. पस्तिशीचा, तात्यांच्याच टोळीतला, बटाट्याच्या गोण्या उचलणारा. शनिवारी दुपारी बायको त्याला धरून क्लिनिकमध्ये घेऊन आली. मी पहिला प्रश्न पहिला विचारला. सकाळपासून लघवी धड झाली नव्हती. बुडाखाली कापूस ठेवल्यासारखं लागत होतं. दोन्ही पाय दुखत होते. मी ओळखीच्या सर्जनला फोन लावला, त्याने लगेच पाठवा म्हटलं.

"ऑपरेशन असंल तर न्हाय मॅडम," संपत म्हणाला.

"आज नाही झालं तर कायमची नळी लागेल तुला."

"टेन्शन देऊ नका. तात्यांना कशानं लागली? कापल्यानंच ना? तुम्ही गोळ्या द्या, व्यायाम द्या. मी पायाळूकडं उद्या जाणारच हाय."

मी त्याला सगळं खरं सांगितलं. रविवार, बुधवार, सगळं. त्याच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मी मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलले. "मास्तर असं करायचे न्हाईत," ती म्हणाली. "तुमचं न् त्यांचं वाजलंय, सगळ्यांना ठाऊक हाय."

घड्याळात दीड वाजला होता. मी सरांना फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"एक वाक्य हवंय," मी म्हटलं. "इथे येऊन म्हणायचंय. कुठलं ते तुम्हाला माहीत आहे."

अर्ध्या तासात रिक्षातून उतरले. म्हातारे दिसत होते. माझ्याकडे पाहिलं नाही. संपतसमोर उभे राहिले आणि तिन्ही प्रश्न विचारले, मोठ्याने, त्याच्या बायकोसमोर, माझ्या बाहेर बसलेल्या चार पेशंटना ऐकू जाईल असे. संपतने उत्तरं दिली. मी वाट बघत होते. आता म्हणतील. आता.

सरांनी चप्पल काढली.

"पालथा हो."

संपत झाला. सरांनी त्याच्या कमरेवर पाय ठेवला. ठेवला म्हणजे नुसता टेकवला, माशी बसावी तेवढा. आणि पाय न उचलता बोलले, रीत मोडून.

"संपत, माझा पाय सांगतोय. दिवस मावळायच्या आत टेबलावर जायचं. न्हाय गेलास तर ह्या पायाचा गुण उलटा हुईल तुझ्यावर. तुझ्या पोरांवरसुद्धा."

बायको हात जोडून उभी राहिली. दहा मिनिटांत दोघं रिक्षात होती. संध्याकाळी साडेसहाला ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी संपतची लघवी आपली आपण झाली, दोन महिन्यांनी तो चालत माझ्याकडे पेढे घेऊन आला.

"पायाळूचा पाय, मॅडम," तो म्हणाला. "त्यांनी पाय लावला म्हणून ऑपरेशन लागू पडलं. तात्यांच्या टायमाला डॉक्टरनं वाट लावली."

त्या दिवशी क्लिनिकमध्येच, रिक्षा गेल्यावर, मी सरांना अडवलं होतं. "मी वाक्य मागितलं होतं. तुम्ही धमकी दिलीत. त्याच्या पोरांना मध्ये घातलंत."

ते चप्पल शोधत होते. "चालेल ना तो?"

"खरं सांगूनही चालला असता."

"बहुतेक," सर म्हणाले, आणि निघून गेले.

माझा निम्मा राग त्या एका शब्दाचा आहे. संपत चालतो. रोज दिसतो मार्केटच्या फाटकाशी. त्याच्याकडे बघून सर चुकले असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्या दिवसानंतर सरांच्या दारातली रांग दुप्पट झाली, आणि तात्यांचं पांगळेपण कायमचं त्या सर्जनच्या नावावर लागलं. सरांनी एक पाय वाचवला आणि त्याच पायाखाली स्वतःची चूक झाकली. दोन्ही एकाच वेळी. असं करायला हुशारी लागते, ती त्यांच्याकडे भरपूर होती.

ते झोपेत गेले, चटईवर, पाठ टेकून. मार्केट अर्धा दिवस बंद राहिलं.

मी महिन्याभराने तात्यांकडे गेले. त्यांच्या पायाला पाऊल वर धरणारा पट्टा लागतो, तो दर दोन-तीन महिन्यांनी बघावा लागतो. तात्या आता ऐंशीला टेकलेत. कॉटवर बसले होते, भिंतीवर सरांचा फोटो, हार ताजा. ते बघून माझं डोकं फिरलं. पट्टा सोडता सोडता मी सगळं बोलून टाकलं. तुमचा पाय ऑपरेशनने गेला नाही. रविवारीच कळलं होतं त्यांना. अंगठा दोनदा फिरवला होता. विचारलं नाही, कारण तुम्ही होतात.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"बाळानंच. हास्पिटलात. पायावर डोस्कं ठिवून रडला. म्हनला, मी सगळ्यांम्होरं सांगतो तात्या. मी न्हाय म्हनलं. म्हनलं, लोकांचं येणं बंद हुईल, तुझ्याकडं न्हाय आली तर मानसं जात्यात कुटं? शपथ घातली मी त्याला."

म्हणजे एवढी वर्षं. भिंतीकडे वळलेली ती पाठ. मला आता तात्यांचाही राग आला, आणि मी तो लपवला नाही. "तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत? आणि संपत गेला असता म्हणजे?"

"गेला असता," तात्या म्हणाले. "चुकलं आमचं."

मी पट्टा पुन्हा बांधायला घेतला. "त्या दिवशी विचारलं असतं तर सांगितलं असतंत का? खरं सांगा. सून होती, टोळी होती. सांगितलं असतंत?"

"सांगितलं असतं की. दीड दिस तेच तोंडात घोळवत हुतो. आपनहून कसं बोलावं? म्हनलं, त्यो शिकलेला हाय, त्यो इचारंल. त्यानं मान खाली घातली. मग तू तोंड उघाडलंस. मला लई बरं वाटलं बघ पोरी. उत्तर पार व्हटांवर आलं हुतं."

मी वर न पाहता पट्ट्याचा बंद ओढला.

"त्यो वरडला, ते वरडू दे," तात्या म्हणाले. "त्येला वरडायचंच हुतं. मी तुज्याकडं बघत हुतो. तू परत इचारशील म्हनून."